नाटेकरांची रॅकेट आणि यवतमाळची मुले

ज्या नंदू नाटेकरांनी 1956 साली परदेशी बॅडमिंटन अजिंक्यपद जिंकणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळविला, त्यांच्या घरी जन्मूनही पित्याच्या कीर्तिच्छायेत स्वस्थ न बसता टेनिसची स्वतंत्र वाट धरणाऱ्या गौरव नाटेकरांनी 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससह दुहेरीचे सुवर्णपदक पटकाविले, आणि 1996 चा अर्जुन पुरस्कारही त्यांना लाभला. तरीही महाराष्ट्राला त्यांचे स्मरण क्वचितच होते, याची मला मनापासून खंत वाटते. त्यांच्या कर्तृत्वाला घरच्या क्रीडासंस्कारांची जोड होती, हे खरेच. परंतु पुसद, दारव्हा, वणीकडील कापूसकऱ्यांच्या मुलांच्या मनगटांत बळ कमी आहे, असे कोण म्हणेल? म्हणूनच यवतमाळ जिल्ह्याच्या क्रीडाखात्याने तालुक्यागणिक निदान एका टेनिस कोर्टाची तजवीज येत्या अंदाजपत्रकातच करावी.