घरचा पहारेकरी पुन्हा भिंतीवर



तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान पापनाशम हे गाव आहे. तेथील तिरुप्पालैतुरैच्या शिवमंदिरात सतराव्या शतकातील, नायक राजवटीतले, विटांचे एक प्रचंड धान्यकोठार उभे आहे. जाड भिंत आणि भक्कम दार हाच त्या काळचा पहारा होता. आज ज्या घरातील मुले नोकरीनिमित्त दूर गेली आहेत आणि वृद्ध आईवडील दोघेच राहतात, तेथे हे काम पुष्कळदा भिंतीवरच्या धोक्याच्या घंटेची पेटी करते.

पोंगलच्या आदल्या दिवशी भोगी येते. आपल्या संक्रांतीच्या भोगीप्रमाणेच. तत्पूर्वी घराची झाडलोट व सफेदी होते आणि त्यासाठी ही पेटी उतरवावी लागते. पुन्हा लावताना मात्र घाई होते. जुन्याच भोकात जुनेच स्क्रू ठोकून पेटी टांगली जाते आणि काम झाले असे आपण समजतो. ही समजूत धोक्याची आहे.

उतरवण्यापूर्वी शेजाऱ्यांना कल्पना द्यावी. देखरेख करणारी कंपनी असल्यास तिलाही कळवावे व यंत्र चाचणीच्या स्थितीत ठेवावे. कारण पुष्कळ पेट्यांच्या पाठीमागे एक कळ असते आणि पेटी भिंतीपासून सुटताच घंटा वाजू लागते. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला तो दचका महागात पडू शकतो. त्यानंतर मेन स्विच बंद करावा आणि मगच बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. मेन बंद केला तरी बॅटरी जिवंतच असते, हे विसरू नये. तिच्या सुट्या तारांची टोके चिकटपट्टीने झाकावीत. प्रत्येक तारेला क्रमांकाची चिठ्ठी लावावी व मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. 230 व्होल्टच्या जोडणीला मात्र परवानाधारक वायरमननेच हात लावावा.

आता भिंतीचा विचार करू. कावेरीच्या खोऱ्यातील जुन्या घरांच्या भिंती विटा आणि चुन्याच्या आहेत. चुन्याचा गिलावा मऊ असतो. त्यात एकदा सुटलेले भोक पुन्हा स्क्रू धरत नाही. पेटीत 12 व्होल्टची बॅटरी असते आणि तिचे वजन दोन किलोच्या आसपास भरते. असा भार ढिल्या स्क्रूवर टांगला, तर आज ना उद्या पेटी कलते, तार ताणली जाते आणि ऐन प्रसंगी घंटा मुकी राहते. म्हणून जुने भोक बुजवून नवे पाडावे. ते दोन विटांमधील सांध्यात न पाडता विटेतच पाडावे. त्यात योग्य मापाचा प्लास्टिकचा प्लग बसवून मग स्क्रू आवळावा. गिलावा भुसभुशीत असल्यास प्रथम सागवानी फळी चार-सहा लांब स्क्रूंनी पक्की करावी आणि पेटी त्या फळीवर बसवावी. स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत, वर, खाली किंवा बाजूला, भोक पाडू नये. तेथून भिंतीत दडलेल्या तारा जाण्याचा संभव असतो.

जागाही पारखून घ्यावी. या भागात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस पडतो. त्याची ओल धरणारी बाहेरची भिंत टाळावी. सफेदी पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. पेटी प्रौढ माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, परंतु दारातून वा खिडकीतून दिसणार नाही अशा ठिकाणी असावी. पाणसळ लावून ती सरळ आहे हे पाहावे व कोणतीही तार मागे चेपली नाही याची खात्री करावी. बॅटरी व वीज कोणत्या क्रमाने जोडावी, हे यंत्रासोबतच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवावे.

पेटी भिंतीवर बसली, तरी काम अजून संपलेले नाही. प्रत्येक दार व खिडकी उघडून घंटा वाजते का ते पाहावे. मेन बंद करून केवळ बॅटरीवरही ती वाजवून पाहावी. फोनवर सूचना येण्याची सोय असल्यास दूरच्या मुलाला ती पोहोचली का, हे त्यालाच विचारावे. रंगकामाच्या दिवसांत घरात अनेकांचा वावर झालेला असतो. म्हणून गुप्त अंक बदलावेत. शेवटी वडीलधाऱ्यांकडून घंटा स्वतःच्या हाताने चालू व बंद करवून घ्यावी. मध्यरात्री ती वाजली, तर यंत्रापाशी तेच असणार आहेत.