डोंबिवलीची खोली आणि गावाकडचे गाठोडे

सुपारी फुटली, याद्या झाल्या, आणि मग एखाद्या संध्याकाळी मुलगा फोनवर हळूच सांगतो, "आई, खोली तेवढी नीट करायला हवी." आपल्याकडच्या किती घरांत हे होते! मुलगा डोंबिवलीला, एखाद्या चाळीत नाहीतर जुन्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकाची जागा भाड्याने घेऊन राहतो. एकटा होता तोवर चटई चालली, खुंटीवर शर्ट चालला. आता नवी सून तिथे नांदायला जाणार. लग्नाचा खर्च तोंडावर असतो आणि खोलीसाठी हाती उरतात चार-पाच हजार. एवढ्यात काय होईल म्हणाल, तर पुष्कळ होते. मात्र पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही हे आधी ठरले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे घर भाड्याचे आहे. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. म्हणून भिंतीत बसणारी कपाटे, फरशी असल्या कशावरही आपला पैसा घालू नका. उद्या खोली सोडताना जे गाठोड्यात बांधून नेता येईल तेवढेच आपले. खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारून.

दुसरी गोष्ट ओलीची, आणि मुलाला सगळ्यात जास्त तीच सांगा. माणदेशात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथून आलेल्या माणसाला ओल म्हणजे काय ते कळत नाही. इकडे ठाणे-कल्याण पट्ट्यात अडीच हजारांच्या घरात पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बंद खोलीत भिंतीला काळी बुरशी धरते, गादीला कुबट वास येतो, आणि ज्याची छाती नाजूक त्याला रात्रभर खोकला. उद्या त्या घरात पाळणा हलायचा आहे, हे लक्षात ठेवा. नुसता रंग फासून ओल झाकली जाते, जात नाही. दोन महिन्यांत पोपडे येतात आणि पैसे पाण्यात.

ओल कुठून येते ते बघायची सोपी रीत आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्या आणि भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवा. दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडच्या अंगाला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे. नळ गळत असेल नाहीतर बाहेरचा गिलावा फुटला असेल. ते काम मालकाचे, आणि ते होईपर्यंत रंगाला हात लावू नका. पाणी पुढच्या अंगाला जमले तर ती खोलीतलीच वाफ आहे. स्वयंपाकाची, आत वाळत घातलेल्या कपड्यांची, आपल्या श्वासाची. तिला उपाय एकच, वारा. खिडकी उघडी ठेवायची आणि कॉट व कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे तरी दूर ठेवायचे. उन्हाळ्यात मात्र ही परीक्षा फसवते. तेव्हा भिंतीच्या पायथ्याला पांढरा लोणा धरलाय का ते बघा, आणि शेजारणीला विचारा. तिने तिथले पावसाळे काढलेले असतात.

भिंत कोरडी असेल तर चुन्यासारखे स्वस्त आणि चांगले दुसरे काही नाही. दिवाळीपूर्वी भिंतींना चुन्याचा हात देणे आपल्या घरांना नवे नाही. लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, आणि त्याच्या तिखटपणामुळे बुरशी सहसा धरत नाही. कळीचा चुना मात्र चाळीच्या ओट्यावर विरवू नका. तो उकळतो, उडतो, आणि भोवती मुले असतात. विरवलेल्या चुन्याची पूड बाजारात मिळते, तीच आणा. रात्री भिजवा, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने गाळा, दुधाइतका पातळ करा, त्यात थोडा डिंक, मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत झाडून, पाणी मारून, मग कुंचा. पातळ हात तीन द्या, दाट एक देऊ नका. ओला असताना तो अगदी पाण्यासारखा दिसतो आणि माणूस घाबरून दाट करतो. वाळल्यावरच पांढरा होतो, धीर धरा. डोळ्यांवर चष्मा, हातांना तेल. डोळ्यात थेंब गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहायचे आणि डॉक्टरांकडे जायचे. भिंतीला आधीचा ऑइलपेंट असेल तर त्यावर चुना टिकत नाही. तिथे साबणाच्या पाण्याने भिंत धुवा आणि चुन्याचा खर्च वाचवा.

आता गाठोड्याकडे येऊ. आजीची दोन-चार जुनी सुती लुगडी पेटीत असतीलच. नऊवारी म्हणजे २७ फूट. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा, आणि पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास. म्हणजे एका लुगड्यात कॉटभर गोधडीचे चार पदर निघतात. दोन लुगडी घेतलीत तर आठ पदरांची, थंडीला पुरेल अशी गोधडी होते. बाजारातल्या रजईला भुलू नका. ती डोंबिवलीच्या दमट हवेत वाळत नाही, गोधडी वाळते.

आणखी दोन लुगडी पडद्यासाठी ठेवा. ह्या पडद्याबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचे आहे. सासू-सासरे, दीर, गावाकडून दवाखान्याला आलेला पाहुणा, सगळे त्या एका खोलीतच निजणार. नव्या जोडप्याला चार हातांचा आडोसा हवा, ही चैन नव्हे. सून ते तोंडाने मागणार नाही, म्हणून आपणच करून द्यावा. दहा फुटांच्या खोलीत दोरी मधे झोळ धरते. त्यापेक्षा गावाकडचा सरळ वेळू न्या, दोन टोकांना आणि मधे एक असे तीन आकडे पुरतात. एका लुगड्याचे चार तुकडे शेजारी शेजारी शिवले की पंधरा फूट रुंदी होते, म्हणजे दहा फुटांना चुण्या धरून पुरते. पडदा दुहेरीच करा. एकेरीतून दिव्याच्या उजेडात सावल्या दिसतात.

कॉट लोखंडी, जुन्या बाजारातली चालेल. सांधे हलत नाहीत ना एवढे बघा, गंज खरवडून रेड ऑक्साइडचा हात द्या. प्रत्येक पायाखाली दोन आडव्या विटा ठेवल्या की सातएक इंच उंची वाढते आणि खाली ट्रंक सरकते. ट्रंकेची उंची आधी मोजा. विटा आणि पाया यांच्यामध्ये जुन्या टायरचा तुकडा घाला, म्हणजे सरकत नाही.

फळीसाठी आंब्याच्या पेट्या उत्तम. एमआयडीसीच्या भंगारात लाकडी खोकी आणि प्लॅस्टिकचे पिंप स्वस्त मिळतात, पण ज्याला डाग आहे किंवा वास आहे ते लाकूड निजायच्या खोलीत आणू नका. त्यात काय सांडले होते हे आपल्याला कुणी सांगणार नाही. रसायनाच्या पिंपात पाणी किंवा धान्य तर कधीच भरू नका. त्याच भागातल्या घरांना आणखी एक सूचना. मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये तिथल्या कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. म्हणून उशी काचेच्या खिडकीखाली ठेवू नये आणि खिडकीला जाड पडदा असावा. रात्रपाळीवाल्याला दिवसा झोपायलाही तो उपयोगी पडतो.

शोभा म्हणाल तर ती घरचीच करा. ठाणे आणि २०१४ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत वारली सुवासिनी लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्याच चित्रकलेसाठी जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण तो चौक त्यांच्या देवाचा आहे, आपण शोभेसाठी उचलू नये. आपल्या अंगणातली रांगोळी आपल्याला येते ना? गोणपाटाच्या तुकड्यावर गेरूचा हात द्या, त्यावर चुन्याने ती काढा आणि टांगा. पिठाने थेट भिंतीवर काढाल तर पावसाळ्यात किडे धरतील.

हे सगळे लग्नाआधी निदान आठ दिवस करा. चुना सुकायला आणि खोलीतली दमट हवा जायला वेळ लागतो. वैशाखातले लग्न असेल तर मृगाच्या आधी खोलीला थोडे ऊन-वारे मिळते, ज्येष्ठातले असेल तर रंग दसऱ्यावर टाका. तोवर गोधडी, पडदा आणि विटांवरची कॉट एवढ्यावर भागवा.