मुलगा घरी शिकतो, मुलगी घरी राहते

आमचा मधला गेल्या वर्षीपासून शाळेत जात नाही. हे कळल्यापासून टोकावड्यात मला त्याबद्दल विचारलं नाही असा माणूस शोधावा लागेल. किराणा दुकानदार, एसटीच्या थांब्यावरच्या बाया, जुम्म्याच्या नमाजहून परतणारे भाईजानचे दोस्त, सगळ्यांचा सवाल एकच: "पोराला घरी बसवलं? काय झालं? पुढे त्याचं काय होणार?" एका चाचांनी तर मला रस्त्यात थांबवून, इंजिनिअर बाई असून घरातल्या मुलाचं वाटोळं करते, असं ऐकवलं.

यंदा दहावीच्या निकालानंतर थोरली दीड महिना घरी होती. अकरावीला घालायचं की नाही, हे ठरत नव्हतं. त्या दीड महिन्यात एकानंही काही विचारलं नाही. जे बोलले ते इतकंच बोलले, की बरं झालं, आता भाभीला हातभार लागेल.

मला जे म्हणायचंय ते या दोन परिच्छेदांत आलंच आहे, पण थोडं घरातलं सांगते. गोष्ट घरातलीच आहे आणि तिच्यात मीही सामील होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आले आणि कंपनीने घरून काम करू दिलं म्हणून राहिले. आठवड्यातून एकदा ऑफिसला जाते. भाईजानची तीन मुलं: थोरली १६ वर्षांची, मधला १४ चा, धाकटी १३ ची. तेव्हा शाळा बंद होत्या आणि मोबाइलवरच्या वर्गाला रेंज नव्हती. म्हणून तिघांना घेऊन बसायला लागले. शाळा उघडल्या तरी संध्याकाळची ती बैठक चालू राहिली.

तिघं तीन दिशांची. थोरलीला गणिताचं वेड आहे. उदाहरण सुटलं तरी ती दुसऱ्या रीतीने सोडवून बघते. धाकटीला कबड्डी. ती अभ्यासात बरी आहे, पण तिचा जीव मैदानावर. तिला घरी शिकवायचा विचारही आम्ही केला नाही, कारण कबड्डीला सात जणी लागतात आणि आमच्या अंगणात एवढ्या मुली जमणार नाहीत. विषय संपला.

मधल्याची गोष्ट वेगळी. सातवीपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. अक्षरं जागा बदलतात, म्हणायचा. वर्गात त्याला उभं करून वाचायला लावत आणि बाकीची मुलं हसत. घरी हाच मुलगा पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकून नेमका कुठला भाग गेलाय ते सांगायचा. मग कोणीतरी तपासणी करायला सुचवलं. मुंबईत शीव आणि नायरसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत अशी तपासणी होते. निदान डिस्लेक्सियाचं झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षेतही अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. हे आम्हाला आधी कळलं असतं तर कदाचित तो शाळेतच राहिला असता. पण तोवर शाळेचं नाव काढलं की त्याच्या पोटात दुखायला लागलं होतं. ते नाटक नव्हतं.

म्हणून तो घरी आहे, आणि घरी तो खरंच शिकतो. पुस्तक त्याला मोबाइल वाचून दाखवतो, तो ऐकतो आणि मग मला समजावून सांगतो. म्हसा यात्रेत भाईजानसोबत बकऱ्या बघायला गेला तेव्हा त्याला वही दिली होती: किती जनावरं बघितली, सांगितलेला भाव काय, ठरला काय, टेम्पोचं भाडं किती. टक्केवारी त्याला तिथे कळली. सातवीच्या वर्गात कळली नव्हती. थंडीत तिघांना नाणेघाटात नेलं. टोकावड्याहून पुढे वैशाखरे आणि तिथून वर चढायचं. वरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण यांची मोजदाद त्यात आकड्यांत कोरलेली आहे. आपण आज लिहितो त्या अंकांचे ते पूर्वज. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब बघून मधला म्हणाला, "फुफी, म्हणजे यांनीपण जनावरंच मोजली." थोरली मात्र तिथून हलेना. दहासाठी वेगळी खूण, शंभरासाठी वेगळी, मग शून्य कुठे आहे, असं तिने विचारलं. या पद्धतीत शून्याची गरजच पडत नाही, हे घाट उतरेपर्यंत तिने स्वतःच शोधून काढलं.

परीक्षेचाही मार्ग आहे. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ पासून आहे. १४ वर्षं पूर्ण झाली की तिथून दहावी देता येते. पाच विषय घ्यायचे, त्यात भाषा एक किंवा दोन. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषयही आहेत. मराठी आणि उर्दू माध्यमही मिळतं. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, पाच वर्षांत नऊ संधी असतात. गणित सक्तीचं नाही, पण ते सोडण्याआधी दहा वेळा विचार करा. पुढे डिप्लोमाला आणि आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना गणित-विज्ञान लागतं. आमच्या मधल्याला मोटर मेकॅनिक व्हायचंय, म्हणून गणित ठेवलंय, रडतखडत का होईना. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तर गावात सगळ्यांना माहीत असतो.

तर घरी शिकवणं म्हणजे वेडेपणा नाही. माझा त्यावर विश्वास आहे आणि इथूनच गडबड सुरू झाली.

मे महिन्यात निकाल लागला. थोरलीला गणितात ९६ मिळाले. मी अकरावी सायन्सचा विषय काढला तेव्हा भाईजान म्हणाले, "कॉलेज कशाला? रोज एसटीचे धक्के, स्टँडवरची टवाळ पोरं. तू आहेस ना घरी. मधला शिकतोच आहे, हिलाही शिकव. बारावी बाहेरून देईल." भाभी काही बोलल्या नाहीत. अम्मी म्हणाल्या, "तुझ्याएवढं कोण शिकवणार हिला?"

मला बरं वाटलं, हे कबूल करते. कौतुक होतं ते. दोन दिवस मी मनातल्या मनात तिचं वेळापत्रकही आखलं. मग एका सकाळी कॉलवर होते, कॅमेरा बंद, आणि समोर दोघं अभ्यासाला बसलेली. सवयीने मोजायला लागले. तीन तासांत थोरली नऊ वेळा उठली. दूध उतू जातंय, दादीला गोळी दे, तांदूळ निवड, पाहुणे आलेत चहा टाक, कपडे आत घे पाऊस आला. मधला एकदाच उठला, पाणी प्यायला, आणि तेही त्याने तिच्याकडेच मागितलं. भाभी दुष्ट नाहीत. घरात बाईमाणूस दिसलं की हाक जाते. मला लॅपटॉप वाचवतो, पगार वाचवतो. तिला काय वाचवणार?

घर एकच, टेबल एकच, शिकवणारी एकच. पण त्या टेबलाशी मुलगा शिकत होता आणि मुलगी राहत होती.

घरी शिकून मोठी झालेली मुलगी म्हटलं की मुंबईच्या मालविका राज जोशीचं उदाहरण हमखास निघतं. आमच्याकडेही मीच ते दिलं होतं. तिच्या आईने तिला सातवीनंतर शाळेतून काढलं. प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य मिळवलं, आणि २०१६ मध्ये दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय अमेरिकेतल्या एमआयटीने तिला घेतलं. बारावी नाही म्हणून आपल्या आयआयटीचं दार बंद होतं. मात्र ही गोष्ट सांगताना आपण एक भाग गाळतो. त्या घरात मुलीला वेळ मिळावा म्हणून शाळा सोडवली आणि आईने नोकरी सोडली. ती शिबिरांना गेली, परीक्षांना गेली, चेन्नईच्या गणित संस्थेत शिकायला गेली, देशाबाहेर स्पर्धांना गेली. शाळा सुटल्यावर तिचं जग मोठं झालं. आपल्याकडे मुलीची शाळा सुटते तेव्हा तिचं जग उंबऱ्यापर्यंत येतं. दोन्हीला घरचं शिक्षण म्हणायचं?

मुलींना घरीच शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, असंही सांगितलं जातं. खरं आहे. बंगालमधल्या बेगम रुकैया सखावत हुसैन घरीच शिकल्या. थोरल्या भावाने त्यांना बंगाली आणि इंग्रजी शिकवलं. पण मोठ्या झाल्यावर त्यांनी काय केलं? १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींची शाळा काढली आणि घरोघर जाऊन पालकांना विनवलं, की मुलींना घराबाहेर पाठवा. घरी शिकणं काय असतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे, की ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. हे शिक्षण हक्क कायद्याच्या आधीचं. तो कायदाही १४ व्या वर्षी हात सोडतो. त्यानंतरची मुलगी घराच्या मर्जीवर. 'गळती' हा शब्द मात्र कोणी वापरत नाही. 'घरी शिकतेय', 'बाहेरून देणारे', 'शिवणक्लास लावलाय' असं म्हणतात. आणि वर्षभरात स्थळं यायला लागतात. माझ्या सोबतच्या किती जणी अशा 'बाहेरून' देणार होत्या. त्यांतली एकही परीक्षेला बसली नाही.

म्हणून भाईजानना सांगितलं, "मधल्याला शिकवेन. हिला शिकवणार नाही." घरात आठ दिवस अबोला. अम्मींना वाटलं मला कंटाळा आला. थोरलीलासुद्धा आधी राग आला, तिला वाटलं मी तिला नाकारतेय. मग समजावलं, की केमिस्ट्रीची प्रयोगशाळा मोरीत मांडता येत नाही आणि मी इंजिनिअर असले तरी बायोलॉजीत मला बेडकाच्या पलीकडे काही येत नाही. त्याहून मोठं कारण हे, की तिला माझ्यापेक्षा हुशार माणसं भेटायला हवीत. आणि तिच्याइतकी हुशार मुलं, जी तिला हरवतील.

स्टँडवरच्या पोरांचं काय? ती आहेत. मी त्याच स्टँडवरून गेले आहे. अब्बा पहिला महिनाभर मला एसटीत बसवून द्यायचे आणि संध्याकाळी थांब्यावर उभे असायचे. मग एक दिवस आले नाहीत. मुद्दाम आले नाहीत, हे मला फार वर्षांनी कळलं. मी भाईजानना एवढंच विचारलं, की टवाळ पोरं स्टँडवर आहेत तर घरी बसायची पाळी हिची का? आपण चार बाप मिळून स्टँडवर उभे राहू शकत नाही? त्यावर ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, फॉर्म कधी भरायचा.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, तेव्हा फॉर्म घरीच भरला. साइट दोनदा बंद पडली, ते असो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. पैसे नाहीत असं म्हणणाऱ्यांना हे सांगा, बऱ्याच घरांत माहीत नसतं.

मधला घरीच आहे. चाचा अजून विचारतात आणि मला आता त्याचा राग येत नाही. विचारायलाच हवं. मुलगा घरी का, कोणती परीक्षा देणार, दिवसभर करतो काय. हेच तीन प्रश्न शेजारच्या मुलीबद्दलही त्यांनी विचारावेत, असं मी त्यांना सांगितलं. त्यांच्या घरात सतरा वर्षांची नात आहे. ते गप्प झाले. आता दिसले की रस्ता बदलतात.

घरातली कामं अजून नीट वाटली गेलेली नाहीत. तांदूळ मधल्याने निवडायचे ठरलंय. त्यात खडे राहतात आणि भाईजानच्या दाताखाली येतात. धाकटी सरावाच्या नावाखाली पळते. थोरली सकाळी निघते ती संध्याकाळी येते, आणि आली की दोन तास फिजिक्सच्या सरांबद्दल बोलते. सर फार भरभर शिकवतात, अशी तिची तक्रार आहे. पासावरचा फोटो धूसर आलाय, अशी दुसरी. नवा काढायला तिला रविवारी मुरबाडला जायचंय. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली.