नव्या घराचे नाव

गेल्या महिन्यात कमलनगरात आम्ही घर घेतले. खरेदीखताची नोंदणी झाली, फेरफार झाला, आणि मग घरात एकच विषय उरला : नाव काय ठेवायचे? पुण्यात नोकरीला असलेल्या चिरंजीवांनी दूरध्वनीवरून एक सुटसुटीत इंग्रजी नाव सुचविले. सौभाग्यवतींना 'मातृछाया' हवे होते. न्यायालयातील एका स्नेह्याने मात्र वेगळाच सल्ला दिला. "वकीलसाहेब, नाव काहीही ठेवा, पण मराठी पाटी लावू नका. उगाच कुणाच्या डोळ्यांवर येईल." हा सल्ला त्यांनी प्रेमानेच दिला होता, म्हणूनच तो मनाला अधिक लागला.

प्रथम कायद्याचे सांगतो, कारण ही भीती सीमाभागात पुष्कळ घरांत आहे. कर्नाटकाने कन्नड भाषेच्या सर्वंकष विकासाचा कायदा केला आणि २०२४ साली त्यात दुरुस्ती करून फलकांवर साठ टक्के कन्नड असण्याचे बंधन घातले. ते बंधन व्यापारी व औद्योगिक आस्थापना, न्यास, रुग्णालये, उपाहारगृहे अशांच्या फलकांसाठी आहे. राहत्या घराच्या दारावरील नावाचा त्यात उल्लेख नाही. उलट राज्यघटनेचे अनुच्छेद २९(१) स्वतंत्र भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या प्रत्येक नागरिकसमूहाला ती जतन करण्याचा हक्क देते. त्यात 'लिपी' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, हे आपल्यातील सुशिक्षितांच्याही ध्यानात नसते. दुकानाची पाटी आणि घराची पाटी यांत कायद्याने फरक केला आहे. आपण मात्र भीतीपोटी तो पुसून टाकतो.

दुसरी गोष्ट दस्तांची. आजोबांच्या शेतीचे जुने कागद उर्दूत आहेत, कारण बिदर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये पुनर्रचित झाली. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. त्यानंतरचे कागद कन्नडात. ज्याला आपण चतुःसीमा म्हणतो, ती माझ्या ताज्या खरेदीखतात 'चेक्कुबंदी' आहे. याविषयी माझी तक्रार नाही. राज्याची भाषा दस्तात असणारच, आणि तीस वर्षे ती वाचून मी पोट भरले आहे. पण आजोबांपासून माझ्यापर्यंत घरात बोलली गेली ती मराठी, आणि ती एकाही मालकीपत्रात नाही. मिळकत ओळखली जाते ती क्रमांक, क्षेत्रफळ व चतुःसीमा यांवरून. घराच्या नावाने ना मालकी सिद्ध होते ना बाधित होते. कायद्याच्या दृष्टीने इतकी निरुपयोगी म्हणूनच ती एक ओळ पूर्णपणे आपली आहे. तिथेही आपण आपली भाषा लिहायची नाही, तर कुठे लिहायची?

आपल्याकडे जुन्या घरांना नावे नसत. पाटलांचा वाडा, देशमुखांची गढी, इतके पुरे. नाव ठेवण्याची चाल शहरी बंगल्यांबरोबर आली, आणि ज्यांनी विचाराने नावे ठेवली त्यांची आजही आठवण होते. डॉ. आंबेडकरांनी दादरच्या घराला 'राजगृह' म्हटले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे, बुद्धाच्या वास्तव्याने पुनीत झालेले ते नाव. गदिमांच्या पुण्यातील घराचे नाव 'पंचवटी'. म्हैसूरला कुवेंपूंचे 'उदयरवि', धारवाडला बेंद्र्यांचे 'श्रीमाता'. बेंद्र्यांच्या घरची बोली मराठी आणि ते कन्नडचे महाकवी! दाराच्या दोन्ही बाजूंना दोन भाषा नांदू शकतात, याला याहून मोठा साक्षीदार मी तरी उभा करू शकत नाही.

म्हणून मी ठरविले : शब्द मराठी, लिप्या दोन. वर देवनागरी, खाली कन्नड. टपाल आणणाऱ्या मुलाला, शेजारच्या अप्पांना नाव वाचता आले पाहिजे. नाही तर ते नाव कसले? पण मग शब्दाची परीक्षा कठीण होते. अंगणात चाफा आहे, म्हणून 'चाफा' सुचले. परंतु मराठीतील दंत्य 'च' कन्नड लिपीत उतरत नाही. तेथे 'चहा'चा च होतो. 'झुळूक' आणि 'माजघर' यांची तीच गत. (आपल्याच लिपीत या दोन उच्चारांना दोन अक्षरे नाहीत, तेव्हा कन्नडला दोष देण्यात अर्थ नाही.) 'ळ' मात्र दोन्हीकडे अस्सल. हिंदीच्या वर्णमालेत त्याला नेहमीचे स्थान नाही आणि इंग्रजीत त्याचा 'ल' होतो. मराठी आणि कन्नड मात्र तो सहज उच्चारतात. 'तूप' आणि 'तुप्प', आपले अण्णा-अक्का आणि त्यांचे अण्णा-अक्का यांच्या इतकाच हा ळ दोघांचा आहे.

'ळ' घेऊन शोधू लागलो. 'माळवद' सुंदर, मराठवाड्याच्या मातीचा शब्द. पण आमच्या घरावर सिमेंटचा स्लॅब. खोटे नाव कशाला? शेवटी 'जिव्हाळा' ठरले. 'जि'मधला ज तालव्य, म्हणून तो कन्नडात बिघडत नाही. कन्नडात 'जीवाळ' असा शब्दही आहे. त्याचा अर्थ सार, प्राण. अर्थ वेगळा, पण जीव दोन्हींत आहे. शेजारच्या अप्पांना विचारले, तर म्हणाले, "हे तर आमचेच दिसते." सौभाग्यवतींचा 'मातृछाये'चा आग्रह तिथेच सुटला. चिरंजीव अजून नाराज आहेत. त्यांना घर बांधायचे असेल तेव्हा त्यांनी हवे ते नाव ठेवावे.

परवा पाटी रंगवून आली. देवनागरी ओळ बिनचूक आहे. कन्नड ओळीत रंगाऱ्याने शेवटचा 'ळा' ऱ्हस्व करून 'जिव्हाळ' लिहिले, कारण त्याच्या तोंडी ते तसेच येते. दुरुस्त करून देतो म्हणाला. मी म्हटले, राहू दे.