कान देऊन ऐकणं

या महिन्यात आम्ही 'चंगीझ ब्लूज' हा अल्बम ऐकला. सॅन फ्रान्सिस्कोचे अंध ब्लूज गायक पॉल पेना यांना १९८४ साली रेडिओ मॉस्कोवर एकाच गळ्यातून दोन सूर ऐकू आले. सायबेरियातल्या तुवा प्रांतातली ही गायकी ते उस्तादाविना, केवळ ऐकून शिकले. तुवी-इंग्रजी शब्दकोश नव्हता. म्हणून तुवी-रशियन आणि रशियन-इंग्रजी असे दोन कोश यंत्राच्या मदतीनं बोटांनी वाचले. १९९५ मध्ये ते तुवाला गेले आणि तिथल्या स्पर्धेत खर्जाच्या 'कार्गिरा' प्रकारात पहिले आले. अल्बममध्ये तुवी गायक कोंगार-ओल ओंडार त्यांच्या सोबतीला आहेत. परक्या मुलुखाचा आवाज त्यांनी इतक्या मायेनं ऐकला. आपण घरातल्या माणसाचं तरी असं ऐकतो का?