हिरवा अजगर आणि मांजरीची हदीस

साप पाळणं हलाल की हराम, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला चार-पाच जणांनी विचारला. विचारणारे सगळे विशीतले. सगळ्यांच्या मोबाइलवर साधारण एकच चित्र होतं: आडव्या काठीवर वेटोळ्यांची घडी घालून, मधोमध डोकं टेकवून बसलेला पोपटी हिरवा अजगर. ग्रीन ट्री पायथन. तो मूळचा न्यू गिनीच्या जंगलातला, आसपासच्या काही इंडोनेशियन बेटांवरचा आणि ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क टोकावरचा. पिल्लू असताना पिवळा किंवा विटकरी लाल असतो, मोठा होताना हिरवा होतो. सुंदर आहे यात वाद नाही. अल्लाहच्या कारागिरीवर नजर ठरत नाही, असं म्हणावं असाच.

मी मुफ्ती नाही, मास्तर आहे. फतवा देण्याचा मला अधिकार नाही. पण मला वाटतं, आमची पोरं चुकीचा प्रश्न विचारतायत. खाण्याच्या बाबतीत विचारायचा प्रश्न ती पाळण्याच्या बाबतीत विचारतात. सापाचं मांस कुणी खाणार नाहीये. तो घरात आणला की त्याचा माझ्यावर हक्क काय, हे विचारायला हवं.

या हक्काची सगळ्यात स्पष्ट गोष्ट आपण मदरशात लहानपणी ऐकलेली असते. एका बाईनं मांजर कोंडून ठेवली, तिला खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे तरी खाईल म्हणून सोडलंही नाही. मांजर मेली, आणि त्यापायी ती बाई जहन्नमची धनी झाली. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ही हदीस आहे. ऐकताना आपलं लक्ष बाईच्या शिक्षेकडे जातं. पण त्यात प्राणी ठेवणाऱ्यापुढे दोन दारं आहेत, ती बघा. नीट सांभाळ, नाहीतर सोड. प्राणी ठेवण्यालाच मनाई असती तर गोष्ट कोंडण्यापाशीच थांबली असती. लहानग्या अबू उमैरकडे छोटा पक्षी होता, आणि तो मेल्यावर हजरत मुहम्मद (स.) त्या मुलाशी मायेनं बोलले, ही हदीसही आपल्याला माहीत आहे. त्यावरून बऱ्याच फकीहांनी पक्षी पाळणं जायज धरलं.

आता हिरव्या अजगराकडे या. त्याच्या बाबतीत दुसरं दार बंद आहे. मांजर सोडली तर ती उकिरड्यावर, मासळी बाजारात कुठेही जगेल. न्यू गिनीचा साप चिपळूणच्या जंगलात सोडणं ही त्याची सुटका नाही. तो मरेल, किंवा जगला तर इथल्या पाखरांच्या मुळावर येईल. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर हे घडून गेलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या सामानातून तपकिरी रंगाचा एक झाडसाप तिथे पोचला आणि काही दशकांत बेटावरचे बहुतेक देशी रानपक्षी संपले. शिवाय तो विजेच्या तारांवर चढून शहराची वीज घालवतो ती वेगळीच. तेव्हा परदेशी साप आणणाऱ्याला ‘सोडून देईन’ म्हणायची सोय नाही. सगळा भार पहिल्या दारावर.

आणि ते पहिलं दार किती अरुंद आहे, हे विकणारा सांगत नाही. ‘दोन आठवड्यांतून एक उंदीर, बाकी काही त्रास नाही,’ एवढंच सांगतो.

या सापाला जमीन नको, उंची हवी. पूर्ण वाढलेल्याला साधारण दोन फूट लांब, रुंद, उंच असा पिंजरा, आणि त्यात त्याच्या अंगाएवढ्या जाडीच्या आडव्या काठ्या, वेगवेगळ्या ठिकाणी. एका बाजूला तीस-एकतीस अंश ऊब, दुसऱ्या बाजूला पंचवीस-सव्वीस, म्हणजे त्याला वाटेल तसं सरकता येतं. सापाला आतून ऊब नसते, जागा बदलणं एवढाच त्याच्या हातातला उपाय. एकच काठी आणि एकच दिवा लावलेला पिंजरा म्हणजे त्याच्यापासून तो उपाय काढून घेणं. उबेच्या दिव्याला तापमान रोखणारा थर्मोस्टॅट नसेल तर साप भाजतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा पस्तीसच्या पुढे गेला की उलटी अडचण, तेव्हा गारवा कुठून आणणार?

ओलाव्याबद्दलचा गैरसमज तर आम्हा कोकणातल्यांना हमखास होणारा. पावसाळी जंगलातला साप, त्याला ओल आवडणारच, असं वाटतं. पण झाडाच्या शेंड्यावर पाऊस पडतो, मग वारा लागतो, पानं वाळतात, पुन्हा पाऊस. त्याला हवा आहे हा फेरा. संध्याकाळी पाणी फवारावं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पिंजरा कोरडा व्हावा, हवा खेळती असावी. जुलैत आमच्या भिंतींना बुरशी येते, कपडे चार दिवस वाळत नाहीत. अशा कोंदट ओलीत बंद काचेत बसलेल्या सापाच्या खवल्यांखाली कुजायला लागतं, फुप्फुसं धरतात. तोंड उघडं टाकून श्वास घेणं, नाकातोंडाशी बुडबुडे येणं, ही त्याची खूण. उलट हवा फार कोरडी पडली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यावरची पापुद्र्यासारखी टोपी तशीच राहते.

खाणंही मापाचं. मोठ्याला दोन-तीन आठवड्यांतून एक बेताचा उंदीर पुरतो. दिवसभर हलत नाही म्हणून कौतुकानं जास्त दिलं तर चरबी चढते, आणि या जातीत गुदाशय बाहेर येण्याचा त्रास पाळणाऱ्यांना चांगला माहीत आहे. उंदीर मेलेला, बर्फातला, कोमट करून द्यायचा. जिवंत सोडला तर तोच सापाला चावून जखमा करतो. व्हिडिओसाठी जिवंत उंदीर सोडणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की कोंबडी बांधून तिच्यावर नेम धरणाऱ्या पोरांना इब्ने उमर (रजि.) काय म्हणाले, ते एकदा वाचा. उंदराचाही हक्क असतो.

हाताळणं? जवळपास नाहीच. वर्षाच्या आतल्या पिल्लाला काठीवरून ओढून काढलं तर शेपटीजवळचा कणा दुखावतो आणि व्यंग कायमचं राहतं. म्हणजे ज्या फोटोसाठी पोरं हा साप घेतात, तो फोटोच त्याला अपाय करतो.

तेराव्या शतकात दमिश्क आणि कैरोत होऊन गेलेल्या इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम यांनी ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात जनावरांचे मालकावर असलेले हक्क मोजून मांडलेत. त्यात दाणापाणी आलंच, पण म्हातारं, आजारी, काही कामाचं न उरलेलं जनावरही पोसायचं, आणि त्याला इजा होईल अशा सोबतीत ठेवायचं नाही, हेही आलं. हिरवा अजगर नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं बाविसाव्या वर्षी असा साप घेतला. आता त्याला दोह्याचा व्हिसा लागलाय आणि ‘सर, कुणी घेणारं आहे का?’ म्हणून तो फोन करतो. घरी अम्मी आहे, जिला पालीची भीती वाटते. पुढची सतरा वर्षं त्या पिंजऱ्यात पाणी कोण फवारणार, याचं उत्तर त्याच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

काही जण म्हणतील, साप मारायची परवानगी आहे, मग एवढा कळवळा कशाला? घरात आलेल्या धोक्याच्या जनावराचा प्रश्न वेगळा. तिथेही मारायचं तर नीट, न तडफडवता मारा असाच हुकूम आहे. हजारो रुपये देऊन आणलेला जीव महिनोन् महिने श्वासासाठी तडफडवणं कुठल्या परवानगीत बसतं?

शिवाय तो येतो कुठून, हाही प्रश्न आहे. ‘पिंजऱ्यातच जन्मलेला’ असा कागद दाखवतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंडोनेशियातून असा शिक्का मारून बाहेर जाणारे किमान ८० टक्के हिरवे अजगर जंगलातून पकडलेले असल्याचा अंदाज निघाला होता. चोरीचा माल विकत घेणाऱ्याचं काय, हे आपल्याला शिकवायला नको. आणि कुणी म्हणेल देशी बरा, तर अजगर, नाग, धामण हे आपले साप १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. कोकणात हरणटोळ कुंपणावर फुकट दिसतो, फक्त तो टाळूवर चावतो ही खुळी समजूत सोडून बघायला हवं. पुण्याला गेलात तर कात्रजचं सर्पोद्यान आहे.

ज्यांनी आधीच आणलाय, त्यांच्यासाठी थोडं. परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर करावी लागते, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवावं लागतं. कागद नसतील तर गुपचूप विकू नका, रात्री नदीकाठी नेऊन सोडू तर मुळीच नका. वकिलाचा सल्ला घेऊन वनखात्याकडे जा. तोवर त्याचं वजन दर महिन्याला लिहून ठेवा, आणि सापांचं बघणारा पशुवैद्य शोधा, कारण गाईम्हशींच्या डॉक्टरला यातलं बहुधा माहीत नसतं. तोंड उघडं दिसलं तर उद्यावर टाकू नका.