एका नळाची दोन टोके

‘गरजवंताला अक्कल नसते’ असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण राष्ट्रांनाही लागू पडते काय? जर्मनी आणि रशिया यांच्या वायुव्यवहाराची कहाणी पाहिली, तर उत्तर वाटते तितके सोपे नाही.

१९७० साली पश्चिम जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. जर्मनीने पोलादी नळ पुरवायचे आणि सोव्हिएत संघाने नैसर्गिक वायू. १९७३ पासून वायू येऊ लागला. १९८२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी सैबेरियातून येणाऱ्या नव्या वाहिनीविरुद्ध निर्बंध कडक केले, तेव्हा खुद्द थॅचरबाईंनी त्यांना विरोध केला. त्याच वर्षी ते निर्बंध मागे घ्यावे लागले. पुढे सोव्हिएत संघ कोसळला, पण वायू थांबला नाही. व्यापाराने वैर निवळते, हा जर्मनांचा विश्वास अशा अनुभवातून आलेला होता. त्यांना भोळे म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल.

चूक झाली ती नंतर. २००६ आणि २००९ च्या जानेवारीत युक्रेनशी झालेल्या भांडणात रशियाने तोटी आवळली आणि ऐन थंडीत त्याची झळ युरोपातील इतर देशांना बसली. तरीही २०११ मध्ये युक्रेनला वळसा घालून बाल्टिक समुद्राखालून थेट वाहिनी सुरू झाली. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा जर्मनीच्या वायू-आयातीचा जवळजवळ निम्मा भाग रशियाचा होता आणि जहाजातून येणारा द्रवरूप वायू उतरवून घ्यायला देशात एकही टर्मिनल नव्हते. सप्टेंबरपर्यंत वाहिनी बंद पडली. डिसेंबरमध्ये विल्हेल्म्सहाफेनला पहिले टर्मिनल घाईघाईने उभे राहिले. तोवर घरोघरच्या बिलांनी लोकांची झोप उडवली होती.

रशियाचे तरी काय साधले? जमिनीत पुरलेला नळ काही दुसरीकडे वळवता येत नाही. युरोपचे गिऱ्हाईक तुटले आणि २०२३ मध्ये गॅझप्रॉम ही तिथली बलाढ्य कंपनी मोठ्या तोट्यात गेली.

आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. २०२२ नंतर आपण रशियाचे स्वस्त तेल भरपूर घेतले, ते व्यवहाराला धरूनच होते. पण घर चालवणारी गृहिणीदेखील स्वस्त मिळते म्हणून सगळा महिना एकाच वाण्यावर सोपवत नाही. दुसरे दुकान ठाऊक असते आणि डब्यात चार दिवसांचे पीठही असते. राष्ट्राच्या कारभाऱ्यांकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.